बावीस सेकंदांत कोणता प्रयोग होते? विमानातल्या वजनविरहित संशोधनाची पार्श्वभूमी

२०२५ मध्ये आपल्या अंतराळवीरानं स्पेस स्टेशनवर मेथी अन् मुगाला कोंब आणले, तेव्हापासून इकडं दारव्हा-दिग्रसकडच्या बीएस्सी ॲग्रीच्या पोरांचा एकच प्रश्न, स्टेशन असताना विमानातले प्रयोग कायले?

विमान फेकलेल्या दगडासारखं कमानीत (म्हणजे पॅराबोलात) उडवलं की आतल्याचं वजन काही सेकंद नाहीसं होते, ही आयडिया जुनीच. १९५० मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या दोन जर्मन भावांनी ती कागदावर मांडली, पुढच्या वर्षी वैमानिकांनी लढाऊ विमानं तशी उडवूनही पाहिली. त्याच सुमारास अर्जेंटिनात कासवं विमानात नेली, तर धडधाकट कासवांचा खाण्यावरचा नेम चुकला, अन् ज्याचा तोल सांभाळणारा आतला कान आधीच बिघडलेला होता ते मात्र बरोबर तोंड मारे!

पण खरं काम वाढलं ते नंतर, मोठ्या जेटमध्ये. युरोपातल्या विमानात एका उड्डाणात ३१ पॅराबोला होतात, प्रत्येकात साधारण २२ सेकंद वजन नाही, अन् त्याच्या आधी-नंतर प्रत्येकी वीसेक सेकंद शरीरावर १.८ पट भार. भांडण याच भारावर आहे. पेशीत जे बदललं ते वजन गेल्यामुळं की आधी दाबल्यामुळं? म्हणून जमिनीवर सेंट्रीफ्यूजमध्ये (गरगर फिरवून भार देणारं यंत्र) तेवढाच भार देऊन वेगळे नमुने तपासतात, काही टीम विमानातच १ जीचं, म्हणजे जमिनीवरच्याइतका भार देणारं, सेंट्रीफ्यूज ठेवतात. हे न करता छापलेल्या निकालावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

दुसरा घोळ इंजेक्शनचा. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत होते तशी गत इथं बऱ्याच जणांची होते, म्हणून आधी स्कोपोलामाइन हे मळमळीवरचं औषध देतात, पण त्यानं हृदयाचे ठोकेही बदलतात. मग रक्त डोक्याकडं कसं सरकते हे मोजायला आलेल्यानं काय करावं, औषध द्यावं तर आकडे गढूळ, न द्यावं तर माणूस पिशवी धरून बसते.

कोंब यायला दिवस लागतात, ते विमानात होणार नाही हे खरं. पण पेशीतलं कॅल्शियम सेकंदांत हलते, ते पाहायला २२ सेकंद पुरतात, अन् यंत्र बिघडलं तर संध्याकाळी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी परत उडता येते, स्टेशनवर ही सोय कुठं?

२०११ पासून युरोपात चंद्र-मंगळाच्या वजनाचीही उड्डाणं सुरू झाली, चंद्राचं साधारण २४ सेकंद, मंगळाचं ३३. स्टेशनवर छोटे नमुने सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवता येतात, पण अख्खा माणूस मंगळाच्या वजनात उभा करून त्याचा तोल तपासायचा तर विमानच लागते.