पाणबुड्याच्या श्वासाने गंजणारं जहाज

तांबड्या समुद्रात, सुएझच्या आखाताच्या तोंडाशी, सुमारे ३० मीटर खोल पाण्यात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज विसावलं आहे. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या फौजेसाठी ट्रक, मोटारसायकली आणि दारूगोळा घेऊन ते निघालं होतं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या पहाटेआधी जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. दारूगोळ्याचा स्फोट झाला, नऊ जण दगावले. डेकवरची दोन रेल्वे इंजिनं उडून थेट समुद्राच्या तळाशी जाऊन बसली.

पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन तिथे उतरताना आधी रंग जातात. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी शोषून घेतं, म्हणून खाली सगळं निळसर-करडं दिसतं. टॉर्चचा झोत टाकला की पत्र्यावर वाढलेले प्रवाळ एकदम केशरी, किरमिजी होऊन उमटतात. जहाजाच्या पोटात अजून ओळीने मोटारसायकली उभ्या आहेत. सीटची कातडी गेली, पण रबरी टायर शाबूत.

हे डोळे भरून पाहायला वेळ मात्र फार थोडा. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, त्यामुळे सिलिंडरमधली हवाही चौपट वेगाने संपते. शिवाय नायट्रोजन शरीरात विरघळत राहतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो; त्यासाठी वाटेत थांबे घ्यायचे नसतील, तर तळाशी जेमतेम २० मिनिटं मिळतात.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करते ती उच्छ्वासाची गोष्ट. पाणबुड्याने सोडलेले बुडबुडे वर चढतात आणि जहाजाच्या आत छताखाली अडकतात. तिथे हवेचा एक कप्पाच तयार होतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन असतो काही मिलिलिटर. तेवढ्याच हवेत दोनशेच्या वर. आणि उच्छ्वासातली हवा काही ‘वापरून संपलेली’ नसते. शरीर प्रत्येक श्वासातून साधारण तेवढाच ऑक्सिजन घेतं, पण २० मीटरवर त्या श्वासात हवेचे रेणूच तिप्पट असतात. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेत पृष्ठभागावरच्या उच्छ्वासापेक्षा जास्त ऑक्सिजन उरतो. छताच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ ओलसर थर, खाली ऑक्सिजनचा साठा: लोखंड गंजायला याहून सोयीचं काय हवं? पाण्यात पूर्ण बुडालेला पत्रा एवढ्या झपाट्याने झिजत नाही. जहाज पाहायला आपण आवडीने जातो आणि नुसत्या श्वास घेण्याने त्याचं आयुष्य कमी करतो, हे मला फार लागतं.

वर थांबणाऱ्या बोटी जहाजालाच दोर बांधायच्या. त्या ओढीने कठडे निखळत, ते नुकसान वेगळंच.

२००७ साली इथे उपाय झाला. जहाजाच्या पत्र्याला जागोजागी भोकं पाडण्यात आली, आत कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून. आता आत कोणी पोहून गेलं, तरी त्याचे बुडबुडे थोड्या वेळाने वरच्या पत्र्यातून धाग्यासारखे निसटतात आणि पृष्ठभागाकडे निघून जातात.