ई-कचरा नियमन

निकामी झालेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे कोणी गोळा करायची, कुठे फोडायची, खर्च कोणी सोसायचा आणि ती देशाबाहेर कधी पाठवता येतात, हे ठरवणारी कायद्यांची चौकट. साध्या कचऱ्याच्या नियमांत हा विषय मावत नाही, कारण एकाच सर्किट बोर्डावर सोने, तांबे आणि शिसे शेजारी नांदतात. बोर्ड आम्लात बुडवून सोने सुटते, वायर जाळून तांबे मिळते. उरलेले आम्ल गटारात आणि धूर काम करणाऱ्याच्या फुप्फुसांत जातो.

सुरुवात सीमेवरच्या बंदोबस्ताने झाली. १९८९ च्या बाझल करारानुसार घातक कचरा पाठवण्यापूर्वी तो घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते. १ जानेवारी २०२५ पासून घातक नसलेला ई-कचराही या अटीत आला. खरी पळवाट व्याख्येत होती: बंद पडलेला संगणक कागदावर ‘वापरलेला माल’ म्हणून चढवला की तो कचरा उरतच नसे. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशात ही बाजू उलटवली. यंत्र चालते, हे चाचणीच्या नोंदीसह निर्यातदारानेच दाखवायचे. नुसते नीट न बांधता कंटेनरमध्ये कोंबलेले टीव्हीही संशयास पुरेसे ठरतात.

दुसरा धागा उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचा. ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली: वस्तू विकली म्हणून उत्पादक सुटला नाही. पैसे कधी घ्यायचे यावर मात्र देशोदेशी मतभेद आहेत. स्वित्झर्लंडमध्ये पुनर्चक्रीकरण शुल्क खरेदीच्या किमतीतच धरले जाते. जपानमध्ये फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी टाकून देताना ग्राहक ते भरतो. टाकताना पैसे मागितले की गुपचूप कुठेतरी टाकून येण्याचा मोह वाढतो, हे ओघानेच आले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून उत्पादक नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांकडून प्रमाणपत्रे घेऊन आपले उद्दिष्ट भरतात. यात प्रत्यक्ष तपासणी ढिली पडली तर उरतो फक्त कागद.

शिसे, पारा, कॅडमियम अशा द्रव्यांवर उत्पादनातच मर्यादा घालणारा युरोपीय नियम १ जुलै २००६ पासून लागू झाला.

२०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांची. संकलनाची उद्दिष्टे बहुधा वजनावर ठरतात, त्यामुळे एक फ्रिज शेकडो फोनना भारी पडतो. खणात पडून राहिलेला जुना फोन तर कोणाच्याच हिशेबात येत नाही.