टपावरचं दीड युनिट

कॅम्पर व्हॅन, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'टपावर किती वॉटचं सोलर पॅनेल बसवू?' खरं तर हिशोब दुसऱ्या टोकाकडून मांडायला हवा: गाडीत काय चालवायचं आणि किती वेळ?

बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण 45 वॉट घेतो. ठाण्याच्या उकाड्यात तो दिवसाचा निम्मा वेळ चालला, तर अर्धं युनिट गेलं. 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास, वर दिवे, मोबाइल, लॅपटॉप धरून दिवसाला एक युनिट पुरतं. बारा व्होल्टच्या 100 अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सव्वा युनिट मावतं आणि ते जवळजवळ सगळं वापरता येतं. लेड-ॲसिड बॅटरी मात्र निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर खराब होते.

मिक्सर 750 वॉटचा असला तरी वाटण पाच मिनिटांत होतं, वीज नगण्य लागते. एसीचं तसं नाही. हजार वॉटचा एसी रात्रभर चालवायला पाच-सात युनिटं लागतात, आणि टपावरचं 400 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला देतं जेमतेम दीड. मे महिन्यात एसी हवासा वाटणारच, पण या छपरावरच्या विजेत तो बसत नाही. त्यापेक्षा ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी, खिडक्या उघडून, पंख्याखाली झोपावं.

मे महिन्यात पॅनेलही तापतं. त्याचे वॉट मोजलेले असतात 25 अंशांना. दुपारी ते साठीच्या वर जातं आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे आठवा भाग उष्णतेतच गेला. टप आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला फट ठेवली, तर थोडा फरक पडतो.

इंडक्शनबाबत मी वायरकडे बोट दाखवेन. 1500 वॉटची शेगडी बारा व्होल्टवर चालवली की बॅटरीतून सुमारे 130 अँपिअर प्रवाह निघतो. केबलच्या टोकाचा एक लग, म्हणजे जोडणीचा धातूचा तुकडा, सैल राहिला, तर तिथेच उष्णता साठते, प्लास्टिक वितळतं. जाड तांब्याची केबल, नीट दाबून बसवलेले लग आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, यात काटकसर करू नये. रोजचा स्वयंपाक गॅसवरच बरा.

गाडी ठाण्यातल्या उपवन तलावापाशी झाडाखाली लावली की आत गारवा मिळतो, पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने फांदीची सावली पूर्ण रांग अडवते. बायपास डायोड प्रवाहाला वळसा देतो. त्या रांगेची वीज मात्र गेलीच. म्हणून वेगळं, लांब वायरचं, उन्हात उघडून ठेवायचं पॅनेल सोबत असावं.

जुलैच्या मळभात टपावरची वीज निम्म्याखाली जाते. तेव्हा गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर उपयोगी पडतो: 30 अँपिअरचा असेल, तर ठाणे-नाशिक तीन तासांच्या प्रवासात बॅटरीत एक युनिटहून जास्त भरतो.