करटाळणी आणि न्याय्य कर : ग्रामीण विदर्भातील वाद

एका देशात कमावलेला नफा कागदोपत्री दुसऱ्या, कमी कराच्या देशात दाखवून कराचा बोजा हलका करणे म्हणजे करटाळणी. ही मुख्यतः अनेक देशांत पसरलेल्या, म्हणजे बहुराष्ट्रीय, कंपन्यांना जमणारी गोष्ट आहे. करचुकवेगिरीहून ती वेगळी. उत्पन्न लपवणे, खोटी बिले लावणे हा गुन्हा ठरतो. करटाळणी मात्र कायद्याच्या फटीतून होते आणि तिची कागदपत्रे बहुधा चोख असतात. त्यामुळेच तिच्याविषयीचा वाद गुन्ह्यापाशी न थांबता न्यायापर्यंत जातो : जिथे माल विकला, जिथली माणसे राबली, तिथे कराचा वाटा पडला पाहिजे की नाही?

विदर्भातल्या खेड्यांत हा विषय करटाळणी या नावाने कोणी काढत नाही. तिथे तो कृषी केंद्राच्या बिलातून, ग्रामपंचायतीच्या थकबाकीतून आणि ‘शेतकरी कुठे कर भरतो?’ या शहरातून येणाऱ्या प्रश्नातून पुढे येतो. या नोंदीत त्याच वाटेने विषयाकडे पाहिले आहे.

शेतकऱ्याचा न दिसणारा कर

शेती उत्पन्नाला आयकर नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१) ने ती सूट दिली आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या सुटीचा उपयोग फारसा नाही. त्याचे उत्पन्न बहुतेक वर्षी आयकराच्या मर्यादेपर्यंतच पोहोचत नाही. तरी ‘करमुक्त’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच.

प्रत्यक्षात तो कर भरतो, आणि असा कर भरतो जो टाळायची सोयच नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला. पेरणीच्या बियाण्यावर हा कर नाही, खतावर ५ टक्के आहे, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. म्हणजे फवारणीच्या औषधाची बाटली करासह १,१८० रुपयांना पडली, तर त्यातले १८० रुपये कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, फवारणी यंत्रे, ठिबक संच आणि जैविक कीटकनाशके यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. रासायनिक औषधाचा दर मात्र १८ टक्केच राहिला. डिझेल तर जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट वेगवेगळा बसतो.

मुद्द्याची खरी गाठ दराच्या पुढे आहे. कंपनी, वितरक, दुकानदार असा साखळीतला प्रत्येक जण आपण आधी भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करतो. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. शेतकरी साखळीच्या टोकाला उभा असतो. तो कापूस विकतो तेव्हा त्यावरचा ५ टक्के कर नोंदणीकृत खरेदीदार, म्हणजे बहुधा जिनिंगवाला, भरतो. शेतकऱ्याच्या हाती वजावट करायला काहीच उरत नाही. औषध, खत, अवजारे यांवर दिलेला सगळा कर त्याच्या उत्पादन खर्चात मुरतो. पीक आले काय, गेले काय, कर तेवढाच. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्या हंगामात फवारे वाढले आणि फवाऱ्यांबरोबर करही वाढला. आयकर नफ्यावर लागतो, तोटा झाला तर लागत नाही. शेतकऱ्याचा हा कर तोट्यातही लागतो. ‘शेतकरी कर भरत नाही’ हे विधान म्हणून नुसते अपुरे म्हणता येणार नाही, ते सरळ चुकीचे आहे.

शेती उत्पन्नाच्या सुटीला आणखी एक बाजू आहे. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार होते. कंपनी मूळ बीज देते, ऑर्गनायझर मधे असतो आणि परागीकरणाचे नाजूक काम शेतकऱ्याचे कुटुंब व मजूर बाया करतात. अशा करार शेतीतून मिळणारे उत्पन्न ‘शेतीचे’ आहे असे सांगून देशातल्या काही बियाणे कंपन्यांनी आयकरातून सूट मागितली आणि ते वाद न्यायाधिकरणांपर्यंत गेले. जमीन शेतकऱ्याची, घाम शेतकऱ्याचा, आणि शेतीच्या नावावरची सूट कंपनीच्या विवरणपत्रात. न्याय्य कराची चर्चा इथून सुरू व्हावी इतका हा मुद्दा वजनदार आहे. विदर्भात त्याविषयी बोलले फार कमी जाते.

नफा गावातून बाहेर कसा जातो

करटाळणीचे सर्वांत रुळलेले साधन म्हणजे एकाच समूहातल्या दोन कंपन्यांमधला व्यवहार. समजा, दोन सख्ख्या भावांची दोन दुकाने आहेत, एक कर असलेल्या गावात, दुसरे कर नसलेल्या गावात. पहिल्या भावाने दुसऱ्याकडून माल मुद्दाम महाग घेतला की पहिल्या दुकानात नफा उरत नाही, दुसऱ्यात तो साचतो. घरातला पैसा घरातच राहतो. कंपन्या हेच कच्चा माल, कर्जावरचे व्याज, ब्रँडचे शुल्क आणि तंत्रज्ञानाची रॉयल्टी (वापराचे शुल्क) यांतून करू शकतात. याला आळा घालण्यासाठी भारताने २००१ मध्ये हस्तांतरण किमतीचे नियम आणले. त्यांचा गाभा सोपा आहे : परक्याशी व्यवहार केला असता जी किंमत पडली असती, तीच घरच्या व्यवहारात धरायची. सोयाबीन किंवा कोळशासारख्या मालाला बाजारभाव असतो, तिथे हे जमते. पण जनुक, पेटंट, बोधचिन्ह यांना बाजारात तुलनाच नसते, आणि सगळा झगडा तिथेच आहे.

कपाशीच्या पट्ट्याला रॉयल्टी हा शब्द बीटी, म्हणजे अळीरोधक जनुक घातलेल्या, बियाण्याने शिकवला. २६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे होते आणि ते देशात महिको या भारतीय बियाणे कंपनीबरोबरच्या संयुक्त कंपनीमार्फत इतर बियाणे कंपन्यांना दिले जाई. सुरुवातीची ४५० ग्रॅमची थैली १,६०० रुपयांच्या वर होती. तिच्यात सर्वांत मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हा प्रश्न मक्तेदारी आयोगापुढे नेला आणि त्यानंतर थैलीचा भाव ७५० रुपयांपर्यंत उतरला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. त्याखाली बीजी-२ (बीटी कपाशीची दुसरी पिढी) च्या थैलीमागचे शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपये, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. मोन्सॅन्टो २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने विकत घेतली.

यातून कोणी कर टाळला असे सिद्ध होत नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण रॉयल्टीचा करावर काय परिणाम होतो हे समजून घ्यायला हे उदाहरण जवळचे आहे. भारतातील कंपनी परदेशी कंपनीला रॉयल्टी देते तेव्हा ती रक्कम तिच्या नफ्यातून खर्च म्हणून वजा होते. परदेशी कंपनीवर त्या रकमेचा कर कापला जातो, पण तो कंपनी कराच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी असतो. देशाच्या कायद्यात हा दर २०२३ पर्यंत १० टक्के होता, नंतर २० टक्के झाला. अनेक देशांशी असलेल्या करारांनी तो १० किंवा १५ टक्क्यांवरच धरून ठेवला आहे. म्हणून नफा ‘रॉयल्टी’ या नावाने बाहेर नेणे फायद्याचे ठरू शकते.

व्होडाफोन खटला

मेळघाटच्या डोंगरात किंवा झाडीपट्टीच्या धानाच्या बांधावर ज्यांच्या हाती हच कंपनीचा मोबाइल होता, त्यांना २००७ मध्ये एवढेच कळले की नाव बदलले. मागे घडले ते असे. हचची मालक असलेल्या हचिसन कंपनीने आपल्या भारतीय व्यवसायातला मोठा हिस्सा व्होडाफोनच्या नेदरलँड्समधील कंपनीला सुमारे ११ अब्ज डॉलरला विकला. विकला गेला तो मात्र आयकर नसलेल्या केमन बेटांवरच्या एका कंपनीचा भाग. ग्राहक, मनोरे, लहरींचा परवाना हे सगळे भारतात, आणि विक्री बेटावर. आयकर खात्याने सुमारे ११,००० कोटी रुपयांची मागणी काढली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी ती फेटाळली. त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला. सप्टेंबर २०२० मध्ये हेग येथील लवादाने व्होडाफोनच्या बाजूने निवाडा दिला आणि २०२१ मध्ये सरकारने पूर्वलक्षी मागणी मागे घेतली. २८ मे २०१२ नंतरच्या अशा व्यवहारांवर कर लागतो, तो टिकून आहे.

सरकारचा प्रश्न योग्य होता, मार्ग चुकला. ज्या मालमत्तेची किंमत भारतीय ग्राहकांनी उभी केली, तिच्या विक्रीवर भारताने कर मागणे रास्तच होते. पण जुन्या वर्षांवर नवा कायदा लावल्याने चर्चा कराच्या न्यायावरून सरकारच्या शब्दावर गेली आणि करटाळणीचा मुद्दा दहा वर्षे मागे पडला.

मॉरिशसचा मार्गही असाच बराच काळ उघडा होता. १९८२ च्या करारामुळे तिथून आलेल्या गुंतवणुकीवरचा भांडवली नफा दोन्हीकडे करातून सुटत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा मार्ग वैध ठरवला. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर भारताला कराचा हक्क मिळाला. केवळ कर टाळण्यासाठी रचलेला व्यवहार अमान्य करण्याची सर्वसाधारण तरतूदही (गार) त्याच दिवसापासून लागू आहे.

टॉवर आणि नमुना ९

गावकऱ्याला मोठ्या कंपनीचा कर प्रत्यक्ष दिसतो तो मोबाइल टॉवरपाशी. गावातील घर, इमारत, बांधकाम यांची करआकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये चढते आणि मागणी नमुना ९ मध्ये. टॉवरवर मालमत्ता कर बसतो की नाही यावर देशभर खटले चालले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या कायद्यानुसार असा कर बसवता येतो, असा निकाल दिला. टॉवर एका कंपनीचा, त्यावरची सेवा दुसऱ्या कंपनीची, जमीन गावातल्या कुणाची तरी. अशा वेळी नोटीस पाठवायची कोणाला, इथपासून ग्रामसेवकाची धावपळ सुरू होते.

ग्रामस्थाचे तसे नाही. घरपट्टी थकली की दाखल्याच्या वेळी ती भरून घेतली जाते. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो. कारखान्यांसाठी त्याच कायद्याच्या कलम १२५ मध्ये करांऐवजी ठोक अंशदानाची सोय आहे. एकाच गावात कराच्या दोन रीती आहेत : एक दारात येऊन वसूल होणारी, दुसरी वाटाघाटीने ठरणारी.

मोठ्या कंपन्यांचा आयकर केंद्राकडे जातो. त्यातून राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो, उपकर आणि अधिभार मात्र त्या वाट्यात येत नाहीत. पुढे वित्त आयोगाचे अनुदान ग्रामपंचायतीत येते. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते. बेटावर दाखवलेला नफा या साखळीत पहिल्याच पायरीवर गळतो. गावाच्या नळयोजनेपर्यंत त्याची कमतरता पोहोचते, पण तिचे कारण गावात कुणाला दिसत नाही.

दुसरी बाजू आणि आंतरराष्ट्रीय प्रयत्न

उद्योगांचे म्हणणे असे की जास्त कर असेल तर गुंतवणूक दुसरीकडे जाते. विदर्भात हा युक्तिवाद सहज झटकता येत नाही, कारण नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा मिहान या उद्योगक्षेत्रांबाहेर रोजगार विरळ आहे आणि पोरे पुण्याला जातात. याच कारणासाठी राज्याच्या प्रोत्साहन योजनांत विदर्भाला जास्त सवलती आहेत. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने देशी कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादन कंपन्यांचा १५ टक्क्यांवर आणला. त्यातून वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असे सरकारनेच सांगितले होते. उघडपणे, संसदेपुढे दिलेली अशी सवलत म्हणजे करटाळणी नव्हे. तिच्यावर निदान चर्चा करता येते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांसाठी किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले. जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकी समूहांना त्यातून मोठी मोकळीक देण्याचे ठरवले. भारताने ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ मध्ये बसवलेला ६ टक्के समकारी कर, ज्याला बोलीत गूगल कर म्हणत, १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. मोठे समूह कोणत्या देशात किती कमावतात आणि किती कर भरतात याचा देशवार अहवाल भारतात २०१६ च्या कायद्याने द्यावा लागतो. तो आयकर खात्यापुरता राहतो, लोकांसाठी खुला नाही. न्याय्य कराची मागणी करणाऱ्यांचा पहिला आग्रह तो खुला करण्याचा आहे.

कापसावरचे आयात शुल्क

करवादाचा अलीकडचा आणि विदर्भात सर्वांत मोठ्याने बोलला गेलेला प्रसंग करटाळणीचा नाही, करमाफीचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क बसले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने ते माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. कापड उद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. विदर्भात वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे माफीची मुदत नेमकी नवा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांवर पडली. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्यासाठी क्विंटलला ८,११० रुपये होता. माफीच्या त्या महिन्यांत कीटकनाशकाच्या बाटलीवरचे १८ टक्के जसेच्या तसे होते.