लाल ठिपका स्वस्त पिस्तुलापर्यंत कसा पोचला

नवीन पनवेलपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही रेंजवर मुलाला एअर पिस्तूल शिकवायला आणणारे पालक हल्ली एक प्रश्न विचारतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत अमेरिकेतला कुणीही साध्या, स्वस्त पिस्तुलावर छोटीशी काच बसवतो, काचेत लाल ठिपका दिसतो आणि ठिपका असेल तिथे गोळी लागते. मग आमच्या पोरांना पुढची-मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, जुळवत का बसवता? नियमाचं उत्तर सोपं आहे. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट चालतात; भिंग, आरसा, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका या सगळ्यांना बंदी आहे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते अशाच उघड्या साइटवर. पण एवढ्याने पालकांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. हा ठिपका आला कुठून आणि स्वस्त पिस्तुलावर यायला त्याला इतका उशीर का लागला, हे समजून घेण्यासारखं आहे.

कल्पना सव्वाशे वर्षांची जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली ती मांडली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला ज्या २० इंची दुर्बिणीतून आकाश पाहायचे, ती ग्रब यांच्याच कारखान्यातली. पुढे १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली. म्हणजे तोफा-बंदुकांसाठी ही साइट सुचवणारा माणूस मुळात ताऱ्यांकडे बघणाऱ्यांसाठी काचा घासणारा होता, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण साइटचं तत्त्वच खगोलातलं आहे. उजळ खुणेचा प्रकाश वक्र काचेवरून असा परतवायचा की डोळ्यापर्यंत येणारे किरण समांतर असतील. मग ती खूण काचेवर नाही, ताऱ्यासारखी खूप दूर, लक्ष्यावरच असल्यासारखी दिसते. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी खूण लक्ष्यावरून फारशी हलत नाही.

उघड्या साइटचं दुखणं नेमकं इथेच आहे. मागची खाच, पुढची साइट आणि लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. म्हणून प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगतात, फ्रंट साइट बघ, लक्ष्य धूसर राहू दे. चाळिशी लागलेल्यांना तर ती फ्रंट साइटही धूसर दिसायला लागते. शिवाय आखूड पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर जेमतेम १५ सेंटिमीटर असतं. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी साधारण १७ सेंटिमीटर बाजूला जाते. ठिपक्याने ही जुळवाजुळव उरतच नाही.

ग्रब यांची कल्पना हातातल्या शस्त्राआधी विमानांत गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काही जर्मन लढाऊ विमानांवर आणि दुसऱ्या महायुद्धात जवळपास सगळ्यांच्याच विमानांत अशा साइट होत्या. हातात धरायच्या शस्त्रासाठी लहान, थंड आणि थोडी वीज खाणारा दिवा हवा होता. तो एलईडीने दिला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट शिकाऱ्यांसाठी बाजारात आणली. ती नळकांड्यासारखी होती. रायफलीवर शोभायची, पिस्तुलावर ओझं व्हायची.

तरीही पिस्तूलवाल्यांनी ती उचलली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या वेगवान स्पर्धांमध्ये सेकंदाच्या अंशाला किंमत होती. १९९० च्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग रेड डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकला आणि चित्र पालटलं. पण ती पिस्तुलं खास घडवलेली, महागडी. त्यांत साइट खालच्या फ्रेमला पकड लावून बसवलेली असायची, म्हणजे वरची स्लाइड, पिस्तुलाचा सरकणारा भाग, मागे-पुढे होताना साइट जागेवर राहायची.

साध्या पिस्तुलावर साइट बसवायची ती स्लाइडवरच, आणि सगळं अडलं होतं ते इथेच. प्रत्येक गोळीला स्लाइड झटक्याने मागे जाते, आपटते, पुन्हा पुढे येऊन आपटते. तिच्यावर बसवलेल्या साइटची काच, सोल्डरिंग, बॅटरीचा संपर्क, स्क्रू, सगळं हा मार खातं. वजन वाढलं तर स्लाइडची हालचालही बिघडते. उघड्या चौकटीच्या छोट्या साइट आल्या. त्यांतल्या २००९ च्या ट्रिजिकॉन आरएमआरने हा मार सोसून दाखवला. तिचं वजन जेमतेम ३४ ग्रॅम. पण ती बसवायची तर स्लाइड कारागिराकडे पाठवून वरून मिलिंग करून, म्हणजे मशीनवर साइटपुरती जागा कापून घ्यावी लागे. साइट आणि मिलिंगचा खर्च स्वस्त पिस्तुलाच्या किमतीच्या पुढे जायचा. माझ्या मते खरा अडसर इथे होता. काच स्वस्त होण्याची वाट नंतरची.

मग कारखान्यांनी स्लाइड आधीच कापून द्यायला सुरुवात केली. एफएन आणि स्मिथ अँड वेसनने थोडं आधी, ग्लॉकने २०१५ मध्ये एमओएस नावाने. प्रत्येक साइटच्या बुडाची भोकं वेगळी असल्यामुळे ग्लॉकने मधे बसवायच्या पातळ पट्ट्या दिल्या. बुडाचं एकच प्रमाण आजही ठरलेलं नाही, आणि साइट ढिली होण्याच्या तक्रारींत ही पट्टी आणि तिचे स्क्रू वारंवार येतात. पाठोपाठ होलोसनसारख्या चिनी उत्पादनाच्या साइट आल्या, त्यांची बॅटरी वर्षानुवर्षं चालू लागली, आणि तुर्कस्तानची कॅनिक, ब्राझीलची टॉरस यांनी कमी किमतीच्या पिस्तुलांनाही कापलेली स्लाइड दिली. व्हिडिओतलं दृश्य या शेवटच्या टप्प्यातलं आहे.

ठिपका ट्रिगरची चूक मात्र दुरुस्त करत नाही. उलट हाताची प्रत्येक थरथर तो डोळ्यांसमोर नाचवतो आणि नवखा घाबरून ट्रिगर झटक्याने ओढतो. थरथर दाखवण्याचा हा गुण शिकवायला कामाचा आहे, आणि सरावात स्कॅटसारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मुलांना तीच माहिती पडद्यावर देते, साइटला हात न लावता.

परवान्याचं शस्त्र असलेल्यांसाठी गोष्ट वेगळी आहे. ९ मिमी पॅराबेलम काडतुसाचा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित, त्यामुळे व्हिडिओतली बहुतेक पिस्तुलं इथे मिळतच नाहीत. परवान्यावर मिळतं ते बहुधा .३२ बोअरचं, आणि आयुध निर्माणीच्या अशनीसारख्या पिस्तुलाच्या स्लाइडवर अशा साइटसाठी जागा कापलेली नसते. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर ती कापणं अवघड नाही, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरबदल परवान्याशिवाय करता येत नाहीत. वर्कशॉपवाला ओळखीचा असला तरी त्याला या कामात ओढू नका. पिस्तूल घेण्याआधीच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारा, की या मॉडेलची स्लाइड कारखान्यातूनच कापून येते का, आणि तिच्यावर कोणत्या बुडाची साइट बसते.