उपगटांतला फरक शोधायचाय? आकडे पाठवण्याआधी हे वाचा

औषधाच्या अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले तर उपगटांतला, म्हणजे स्त्री-पुरुष अशा रुग्णांच्या गटांतला, फरक पकडता येईल का, हे आम्ही आधीच मोजून देतो. "सगळ्या चाचण्या मिळून नऊ हजार रुग्ण आहेत, मग स्त्री-पुरुषांतला फरक दिसेलच ना?" हा प्रश्न आम्हाला वारंवार येतो. नुसत्या बेरजेवरून त्याचं उत्तर देता येत नाही.

औषध काम करतं का, हे शोधायला लागते त्याहून बरीच जास्त माहिती ते कुणात अधिक काम करतं हे शोधायला लागते. हॅझार्ड रेशो (औषध घेणाऱ्यांतला धोका भागिले न घेणाऱ्यांतला धोका) 0.75 असेल तर तो 80 टक्के पॉवरने, म्हणजे खरा फरक पकडला जाण्याच्या 80 टक्के शक्यतेने, पकडायला सुमारे 380 इव्हेंट (मृत्यू किंवा झटका अशा मोजायच्या घटना) पुरतात. दोन उपगटांच्या हॅझार्ड रेशोंमधलं गुणोत्तर 0.75 असेल, तर इव्हेंट निम्मे-निम्मे विभागलेले असूनही सुमारे 1,520 लागतात. एका उपगटात दहाच टक्के इव्हेंट असतील तर 4,200 च्या वर. लक्षात घ्या, हे इव्हेंट आहेत, रुग्ण नव्हेत.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो चाचणीनिहाय विभागणी न आल्यामुळे. फक्त पुरुषांवर झालेली चाचणी आणि फक्त स्त्रियांवर झालेली चाचणी यांत डोस, काळ, पाठपुरावा असं बरंच काही वेगळं असू शकतं. त्यांच्या निकालांतला फरक लिंगामुळेच आला, असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही चाचणीच्या आतली तुलनाच धरतो आणि अशा एकलिंगी चाचण्यांचा तिथला वाटा शून्य असतो. नऊ हजारांतले कामाचे कधीकधी निम्मेही उरत नाहीत.

तेव्हा प्रत्येक चाचणीच्या प्रत्येक आर्ममधले (औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटातले), प्रत्येक उपगटातले रुग्ण आणि इव्हेंट पाठवा. चाचण्यांची सरासरी वयं चालणार नाहीत. पुढे रुग्णनिहाय डेटा (एकेका रुग्णाची स्वतंत्र नोंद) मागवाल तेव्हा वय वर्षांतच घ्या. मध्यावर कापून 'तरुण-वयस्क' केलं की साधारण एक तृतीयांश माहिती वाया जाते.

"स्त्रियांत पी 0.03, पुरुषांत 0.20, एवढंच लिहून द्या" ही विनंती आम्ही स्वीकारत नाही. (पी म्हणजे औषधाचा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; 0.05 पेक्षा कमी असेल तर निकाल सहसा लक्षणीय मानतात.) त्यातून फरक सिद्ध होत नाही; त्यासाठी इंटरॅक्शनचीच, म्हणजे दोन उपगटांतल्या परिणामांची थेट तुलना करणारी, चाचणी लागते. 1988 च्या आयसिस-2 या हृदयविकाराच्या झटक्यावरच्या चाचणीत 17,000 हून अधिक रुग्णांत ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट होता, तरी मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत तो दिसेना! संशोधकांनी ती विभागणी हा धोका दाखवायलाच छापली होती.

पॉवर काढायला रुग्णनिहाय डेटा लागत नाही, वर मागितलेले रुग्ण आणि इव्हेंटचे आकडे पुरतात. त्यामुळे प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) नोंदवण्याआधीच या. पॉवर 30 टक्केच निघाली, तर डेटा मागवण्यात महिने घालवण्याआधी ते तुम्हाला कळेल आणि कोणती चाचणी जोडल्याने ती किती वाढेल, हेही आम्ही त्याच अहवालात देतो.