तोंड न उघडता केलेलं ‘कॉन्व्हर्सेशन’

१६११ सालच्या किंग जेम्स इंग्लिश बायबलमध्ये, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच बायकांना एक सल्ला आहे. नवरा वचन, म्हणजे ख्रिस्ती शिकवण, मानत नसला तरी बायकोच्या ‘कॉन्व्हर्सेशन’मुळे तो वळेल, आणि तेही शब्दावाचून. आजचं इंग्लिश येणारा माणूस हे वाचून चक्रावणारच ना, एक शब्द न बोलता कॉन्व्हर्सेशन करायचं तरी कसं! पण भाषांतर करणाऱ्यांनी घोळ घातलेला नाहीये. मूळ ग्रीक शब्द आहे ‘आनास्त्रोफी’, त्याचा इथला अर्थ वागणूक, आणि त्या काळी इंग्लिश कॉन्व्हर्सेशनलाही लोकांत वावरणं, वागणं हा अर्थ होता, तो लॅटिन बायबलमधल्या ‘कॉन्व्हर्सातिओ’ची री ओढत आलेला. गप्पा हा अर्थ इंग्लिशमध्ये तेव्हा नवीन होता, मग त्याने जुन्याला हळूहळू बाहेर काढलं. जुना अर्थ कोर्टात मात्र बराच टिकला: इंग्लंडमध्ये परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्यावर नवरा नुकसानभरपाईचा दावा लावायचा त्याला ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ म्हणायचे, तो दावा १८५७ च्या कायद्याने बंद झाला. १८८१ च्या सुधारित इंग्लिश नव्या करारात (नवा करार म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ज्यात ही पत्रं आहेत) पेत्राच्या त्या ओळीत सरळ ‘बिहेवियर’ टाकलं.

आता मूळ शब्दाकडे. ‘आना’ म्हणजे इथे मागे किंवा परत, आणि ‘स्त्रेफो’ म्हणजे मी वळवतो. जुन्या ग्रीकमध्ये सैन्य वळून परत उलटं फिरलं की ती आनास्त्रोफी. मग एखाद्या ठिकाणी माणसाची ये-जा असणं, वावर असणं, तीसुद्धा आनास्त्रोफी. आणि तिथून पुढची पायरी म्हणजे माणूस चारचौघांत कसा वावरतो, म्हणजे कसा वागतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पोलिबियस हा इतिहासकार मॅसिडोनियाच्या तरुण राजाबद्दल, पाचव्या फिलिपबद्दल लिहिताना हा शब्द याच अर्थाने वापरतो. नव्या करारात तो १३ वेळा येतो, त्यातले ६ एकट्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, आणि ते पत्र आहे फक्त पाच अध्यायांचं.

पण हे सगळं ठरवायचं कशावरून? दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक बोलणारा माणूस काही विचारायला मिळत नाही. कोशकार मग एकच करतात, तो शब्द जिथे जिथे सापडतो ती सगळी वाक्यं गोळा करायची, कुठल्या काळातली कुठल्या गावातली ते बघायचं, आणि शेजारी कुठले शब्द बसलेत ते तपासायचं. नव्या कराराचं ग्रीक अभिजात लेखकांच्या ग्रीकपेक्षा वेगळं दिसायचं, म्हणून एकोणिसाव्या शतकात काही पंडितांना वाटायचं की ही खास पवित्र, निराळीच भाषा असणार. मग इजिप्तच्या कोरड्या वाळूतून पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेले जुने कागद, निघायला लागले, पत्रं, पावत्या, करारपत्रं, तक्रारअर्ज. ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्लिश अभ्यासकांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यापासून ऑक्सिरिंकस गावाचे उकिरडेच खणले, अक्षरशः! त्यातून दिसलं की ही तर त्या काळातली रोजच्या व्यवहारातली भाषा, तिला कोइने म्हणतात.

आपल्या शब्दापुरता चांगला पुरावा मात्र दगडावर मिळाला. अडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १८९५ च्या आपल्या पुस्तकात पर्गमम इथला (आताचं तुर्कस्तानातलं बेर्गामा) एक शिलालेख दाखवला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्यात राजाच्या एका बड्या अधिकाऱ्याची तारीफ आहे, प्रत्येक प्रसंगी तो कसा वागला याबद्दल, आणि क्रियापद आनास्त्रोफीचंच, आनास्त्रेफोमाय. थोडक्यात, चौकात उभ्या केलेल्या मानपत्राची भाषा.

मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यात भारी वाटतो, कारण पेत्राचं पत्र ज्यांना लिहिलंय ते लोक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया या आताच्या तुर्कस्तानातल्या रोमन प्रांतांतले, आणि पर्गमम त्याच आसिया प्रांतातलं. म्हणजे ‘अमका चांगला वागला’ असं गाव दगडावर कोरून ठेवतं हे त्यांना नवीन नव्हतं. आणि पत्रातही हा शब्द येतो तिथे बऱ्याचदा बघणारं कोणीतरी असतंच, दुसऱ्या अध्यायात आजूबाजूचे परधर्मी लोक बघताहेत, तिसऱ्यात नवरा बघतोय. आपण नीतिमत्ता म्हटलं की मनाच्या आतलं काहीतरी डोळ्यासमोर आणतो, हा शब्द तसा नाही, हा दिसणाऱ्या वागण्याचा शब्द आहे. निदान या पत्रात तरी.

बाय द वे, किंग जेम्सवाल्यांनी आणखी दोन ग्रीक शब्दांना कॉन्व्हर्सेशनच केलंय. इब्री लोकांस पत्रात ‘त्रोपोस’ म्हणजे रीत, आणि फिलिप्पैकरांस पत्रात ‘पोलितेवमा’, ज्याचा संबंध पोलिस म्हणजे नगराशी, नागरिकत्वाशी आहे. तीन वेगळे शब्द एकाच पिशवीत, त्यामुळे फक्त इंग्लिशवरून मूळ अर्थ काढत बसणं धोक्याचं.

मराठी वाचकाला इथे थोडी मजा आहे. आपलं वर्तन, वर्तणूक हे संस्कृत ‘वृत्’ धातूवरून येतात, त्याचाही मुळातला अर्थ वळणं, फिरणं. कॉन्व्हर्सेशनच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘वेर्तेरे’ (वळवणं) हा त्याच घराण्यातला, म्हणजे वर्तन आणि कॉन्व्हर्सेशन लांबचे भाऊबंद निघाले. ग्रीक स्त्रेफो त्या घराण्यातला नाही, तरी वळण्यावरून वागण्याकडे यायची वाट त्यानेही धरली. पण यावरून ‘आनास्त्रोफी म्हणजे पापापासून मागे वळणं’ वगैरे अर्थ काढणारे लोक असतात ना, ते मला पटत नाही. धातू सांगतो शब्द कुठून निघाला, वाक्य सांगतं तो कुठे पोचला. गलतीकरांस पत्रात पौल हा ख्रिस्ती धर्मप्रचारक आपल्या ख्रिस्ती होण्याआधीच्या आनास्त्रोफीबद्दल लिहितो, ख्रिस्ती मंडळीचा छळ करायचो त्या दिवसांबद्दल, तिथे कसलं आलंय मागे वळणं!

आजच्या ग्रीसमध्ये वागणुकीला ‘सिम्बेरिफोरा’ हा वेगळाच शब्द आहे. आनास्त्रोफी अजून चालू आहे, पण अथेन्सच्या रस्त्यावर आनास्त्रोफीला मनाई म्हणजे इथे यू-टर्न मारायचा नाही.